जॉब कार्डावरची पहिली ओळ

नवी गाडी घेतलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा त्याची गाडी बंद पडलेली नसते. ती नीट चालत असते. तरी चेहरा उतरलेला असतो, कारण चार दिवसांपासून डॅशबोर्डच्या आत कुठेतरी टक-टक वाजतंय आणि आता त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही. कुणाला सांगितलं होतं तेवढं ॲव्हरेज मिळत नाही, कुणाच्या गाडीचा सकाळचा पहिला ब्रेक खर्र वाजतो, कुणाचा स्क्रीन मध्येच काळा होतो. साताऱ्यात महामार्गालगतच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. गाडी आत घ्यायची, मालकाशी बोलायचं, जॉब कार्ड लिहायचं आणि संध्याकाळी गाडी परत देताना काय केलं ते समजावून सांगायचं, हे माझं काम. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांकडे एकाच घाटणीची गाडी असते : चार मीटरच्या आत बसवलेली छोटी एसयूव्ही.

या गाडीचं माप करातून ठरलेलं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. लहान गाडी म्हणजे लांबी चार हजार मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के आणि बाहेरच्या मोठ्या गाडीला ४० टक्के कर आहे. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू, आणि मग प्रत्येक कंपनीला या मापात एक उंच गाडी बसवावीच लागली. उंच बसायला मिळतं, खड्ड्यात पोट घासत नाही आणि घराच्या फाटकातून आतही जाते. आमच्या भागातल्या माणसाला याहून जास्त काही नको असतं.

पण त्या मापाचे परिणाम मालकाला पहिल्याच महिन्यात जाणवतात. १२०० सीसीच्या आत ताकद हवी म्हणून बऱ्याच गाड्यांत तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन असतं. तीन सिलिंडर एकमेकांचे हादरे चारांइतके सांभाळून घेत नाहीत. त्यामुळे सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की सीटखाली बारीक थरथर जाणवते. आयुष्यभर तीन सिलिंडरची छोटी गाडी चालवलेल्या माणसाला ती कळतसुद्धा नाही. चार सिलिंडरवरून आलेला मात्र दुसऱ्या आठवड्यात हजर होतो आणि म्हणतो, "मॅडम, इंजिनचं फाउंडेशन गेलंय बहुतेक." त्याला जाणवलेली थरथर खरी असते. फाउंडेशन, म्हणजे इंजिनचं माउंटिंग, मात्र गेलेलं नसतं. अशा वेळी मी त्याला आमच्याच स्टॉकमधल्या दुसऱ्या नव्या गाडीत नेऊन बसवते, एसी लावते आणि त्याला हाताने स्टिअरिंग धरायला सांगते. तेवढं पुरतं. "ते नॉर्मल आहे" असं टेबलामागून सांगितलं तर तोच माणूस आणखी दोन वर्कशॉप फिरून येतो आणि त्याची झोप उडालेलीच राहते.

आवाजाच्या तक्रारी सर्वांत जास्त, आणि मला सर्वांत जास्त ओढ त्यांचीच. कॉम्प्युटरमध्ये तक्रार भरताना एक तयार यादी येते. त्यातून 'रॅटलिंग, फ्रंट' निवडलं की कार्ड पुढे सरकतं. पण एवढ्यावर टेक्निशियनला आवाज सापडत नाही. तो गाडी घेऊन महामार्गावर चार किलोमीटर जाऊन येतो आणि 'आवाज आढळला नाही' असं लिहितो. म्हणून मी पहिल्या ओळीत मालक जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. "सकाळी गार गाडी फाटकाबाहेर काढताना, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे असताना, एकदाच कट्ट." या वाक्यात वेळ आहे, गाडी गार असल्याची खूण आहे, चाकाचा कोन आहे, आणि आवाज एकदाच येतो हेही आहे. पुढच्या सस्पेन्शनमधल्या स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगपर्यंत पोचायला आमच्या सीनियर टेक्निशियनला एवढं बस्स होतं.

वडूजकडच्या एका शाळेतले गुरुजी पत्नीला घेऊन आले होते. मागून खडखड येते, असं त्यांचं म्हणणं. आधी एकदा येऊन गेले होते, तेव्हा कुणाला काही सापडलं नव्हतं. डिकी रिकामी केली, जॅक आणि पाने घट्ट बसवले, पार्सल ट्रे काढून ठेवला. आवाज गेला नाही. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मागून नाही हो, माझ्या खांद्यापाशी वाजतंय." मी त्यांना त्यांच्याच जागेवर बसवलं, पट्टा लावायला सांगितला, गुरुजींना चालवायला सांगितलं आणि मी मागे बसले. महामार्ग सोडून कोरेगावच्या अंगाला, उखडलेल्या साइडपट्टीवरून गाडी घेतली. सीटबेल्ट वर-खाली करायचा खांबावरचा सरकता भाग असतो, तो वाजत होता. पट्ट्याला माणसाचा ताण असेल तेव्हाच तो वाजायचा. टेक्निशियन एकटा ट्रायलला गेला की शेजारची सीट रिकामी, पट्टा सैल, मग आवाज कुठून येणार? फेल्टची एक पट्टी आत चिकटवली आणि काम झालं.

तेव्हापासून मी जोडीने आलेल्या माणसांपैकी डावीकडे बसणाऱ्याला आधी विचारते. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. डाव्या डॅशबोर्डचा, ग्लोव्ह बॉक्सच्या क्लिपचा, एसीच्या जाळीचा आवाज शेजारच्याच्या गुडघ्यापाशी येतो. घरातल्या बाईला गाडीतलं काय कळतं, असं धरून चालणारे मालक आहेत आणि आमच्यात काही कर्मचारीही आहेत. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

गाडी डावीकडे ओढते, ही दुसरी नेहमीची तक्रार. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मधून कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून हात सैल सोडला की जवळजवळ प्रत्येक गाडी किंचित डावीकडे जाते. मी आधी रस्त्याचा सपाट तुकडा शोधते. तिथेही ओढली तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहायचे आणि मगच अलाइनमेंटला हात लावायचा. मालकाला समोर उभं करून हे केलं तर वेळ थोडा जास्त जातो, पण वाद राहत नाही.

डिझेलच्या गाडीचा विषय मात्र किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्याच्या वाटेत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. साठलेली काजळी त्याला मधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. गाडी एका वेगात वीसेक मिनिटं चालली की हे काम मालकाच्या नकळत होऊन जातं. साताऱ्यातल्याच एक डॉक्टर मॅडम होत्या. घर ते दवाखाना दहा मिनिटांचं अंतर, सकाळी जायचं, दुपारी यायचं, संध्याकाळी परत तेच. महिन्याभरात फिल्टरचा दिवा लागला. त्या घाबरल्या, आणि साहजिकच होतं. दिवा पिवळा असतो आणि त्याच्या चित्रावरून काही बोध होत नाही. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. मध्येच गाडी बंद झाली तर त्यातलं काही डिझेल तेलात उतरतं आणि ऑइलची पातळी चढते. डिपस्टिकवर ती खूण त्यांच्या गाडीत दिसतही होती.

ऑइल बदलून आम्ही त्यांना सांगितलं की दर आठवड्याला एकदा कराडच्या दिशेने उंब्रजपर्यंत जाऊन या, गिअर एक खाली ठेवा, आरपीएम दोन हजारांच्या वर राहू द्या. त्या जातात. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन जातात. पण माझं मन यावर समाधानी नाही. ही गाडी त्यांना विकतानाच कुणीतरी विचारायला हवं होतं की रोज किती किलोमीटर होतात. त्यांच्या वापराला पेट्रोल हवी होती. फलटण किंवा दहिवडीहून रोज साताऱ्याला ये-जा करणाऱ्याला मी स्वतः डिझेल घ्यायला सांगेन. तीच गाडी, तेच इंजिन, आणि त्याला तो दिवा कधी दिसायचाही नाही. दोष गाडीचा नसतो, मालकाचाही नसतो. शोरूममध्ये एक प्रश्न विचारला जात नाही आणि त्याची किंमत पाच वर्षं हप्ते भरणारा माणूस मोजतो. आमच्या शोरूमच्या मुलांशी मी यावर पुष्कळ भांडले आहे. आता ते निदान बुकिंगच्या कागदावर रोजचं अंतर लिहून घेतात.

ॲव्हरेजच्या तक्रारीला दोन पदर आहेत. गाडीबरोबर जो आकडा सांगतात तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर चालवून काढलेला असतो. तिथे ठरलेला वेग-वेळेचा आराखडा असतो, सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. एक गाडी दुसरीशी ताडून पाहायला तो आकडा चांगला आहे. खंबाटकी चढताना चार माणसं, डिकीत सामान आणि एसी असताना तो मिळणार नाही. मी मालकांना टाकी गळ्यापर्यंत न भरता पहिल्या कटऑफला थांबायला सांगते, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरून भागाकार करायला सांगते. स्क्रीनवरचा आकडा हिशोबाला धरू नये.

दुसरा पदर इथेनॉलचा. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत त्याच्या निम्मी. नवी गाडी या इंधनासाठीच बनवलेली असते, त्यामुळे नळ्या-रबर खराब होण्याची भीती तिला नाही. कमी ऊर्जेतून तितकेच किलोमीटर मात्र ती काढू शकत नाही. कराडकडचे एक बागायतदार माझ्याशी यावर बराच वेळ बोलत बसले होते. त्यांचा ऊस ज्या कारखान्याला जातो त्याची डिस्टिलरी इथेनॉलच बनवते. ते म्हणाले, "उसाचं बिल वेळेवर येतंय ते यामुळंच, हे मला कळतंय ताई. पण पंपावर लिटरला पैसे तेवढेच घेतात, आणि गाडी कमी जाते, ते पण मलाच भरायचंय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कार्डावर मी 'ॲव्हरेज कमी' एवढंच लिहू शकले, पण त्यांचा हिशोब बरोबर आहे हे त्यांना तोंडावर सांगितलं.

आमच्या जिल्ह्याची एक गंमत आहे. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि पूर्वेला माणच्या पट्ट्यात पाचशेच्या आत-बाहेर. एकच मॉडेल, एकाच महिन्यात विकलेलं, दोन टोकांकडून दोन वेगळ्या गाड्या झाल्यासारखं परत येतं. माण-खटावच्या गाडीचं केबिन फिल्टर उघडलं की धुळीचा थर निघतो, दाराच्या रबरी बीडिंगवर बारीक माती बसून दार कुरकुरतं. ओल्या फडक्याने बीडिंग पुसून सिलिकॉन लावलं की ते थांबतं. पाचगणी-महाबळेश्वरची गाडी येते ती ओल घेऊन.

सनरूफची तक्रार जुलैत हमखास असते. आरशापाशी दिव्यातून पाणी ठिबकतं आणि मालक म्हणतो, काच नीट बसवलेली नाही. वास्तविक सनरूफच्या काचेखाली थोडं पाणी जाणारच, हे गृहीत धरूनच खाली एक पन्हळ असते आणि चार कोपऱ्यांतून चार नळ्या. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या खांबांतून खाली उतरतात आणि पाणी बाहेर सोडतात. पाचगणीत सिल्व्हर ओकखाली गाडी लावली की त्याची पानं पन्हळीत कुजतात, नळीचं तोंड बुजतं आणि पाणी आत वळतं. गाडी धुणाऱ्या काही ठिकाणी हवेच्या जोरदार फवाऱ्याने नळी साफ करतात. ते करू देऊ नये, जोराने नळी आतल्या सांध्यातून निसटते आणि मग खरी गळती सुरू होते, छताचं अस्तर उतरवावं लागतं. आम्ही जाड नायलॉनचा दोरा हळूच आत सरकवतो आणि वरून ग्लासभर पाणी ओतून ते चाकापाशी बाहेर येतं का ते पाहतो. सनरूफ घेणाऱ्या प्रत्येकाने मृग लागायच्या आधी हे एकदा करून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगते.

रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. ती बिडाची असते, गंज येणारच, आणि चार-पाच ब्रेकमध्ये घासून जातो. हेडलाइटच्या आत वाफ धरते, तीही लाइट लावून अर्धा तास चालवलं की गेली पाहिजे. नाही गेली किंवा आत थेंब साचले तर सील तपासायचं आणि वॉरंटीत बदलून द्यायचं. अशा वेळी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

ऑटोमॅटिक गाड्यांचा त्रास मे महिन्यात पसरणीच्या घाटात सुरू होतो. वाईहून पाचगणीपर्यंत गाड्यांची रांग, दर मिनिटाला दोन फूट पुढे. चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून लोक ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला जागेवर धरून ठेवतात. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत आत क्लच असतो, तो सतत घसरत राहतो, तापतो, आणि स्क्रीनवर गिअरबॉक्स गरम झाल्याचा इशारा येतो. घरचे घाबरतात, मागचे हॉर्न वाजवतात. अशा वेळी गाडी ब्रेकवर उभी करावी, पुढे दोन-तीन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदम निघावं. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं.

ताशी ८० च्या वर गेलं की वाजणारा इशारा बंद करून मागणारेही बरेच असतात. १ जुलै २०१९ पासून तो प्रत्येक नव्या कारला सक्तीचा आहे, १२० च्या वर तो थांबतच नाही. तो मी बंद करून देत नाही. रिकाम्या सीटवर दप्तर ठेवलं की पट्ट्याची शिट्टी वाजते, त्याला दप्तर खाली ठेवणं एवढाच उपाय. पट्ट्याच्या खाचेत नुसती क्लिप अडकवून ठेवणाऱ्यांच्या गाडीतली ती क्लिप मी काढून हातात देते आणि का ते सांगते. काहींना राग येतो. येऊ दे.

स्क्रीनची तक्रार मला बरंच शिकवून गेली. रिव्हर्स टाकला की कॅमेऱ्याचं चित्र यायच्या ऐवजी स्क्रीन काळा पडायचा, आणि वर्कशॉपमध्ये आणेपर्यंत सगळं ठीक. कंपनीकडून उत्तर यायचं की दोष आढळत नाही. मी त्या मॉडेलची जुनी कार्डं काढली. यादीतून निवडलेल्या तक्रारींत सगळीकडे 'डिस्प्ले इश्यू' होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. पण ज्या कार्डांवर मालकाचे शब्द होते त्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा येत होती : गाडी उन्हात उभी होती, बसल्या बसल्या फोन वायरविना जोडला जात होता, आणि लगेच रिव्हर्स टाकला. आम्ही दुपारी एक गाडी आवारात उन्हात उभी केली आणि तसंच केलं. स्क्रीन काळा पडला. त्याचा व्हिडिओ कार्डांच्या प्रतींसह वर पाठवला. काही महिन्यांनी सॉफ्टवेअरचा अपडेट आला. आमच्या एकट्यामुळे आला असं मी म्हणणार नाही, इतर गावांतूनही तक्रारी गेल्या असतील. पण तो आल्यावर ज्यांनी ही तक्रार आधी केली होती त्यांना मी एकेकाला फोन केले. बऱ्याच जणांनी तोवर सांगणं सोडून दिलं होतं, सवय करून घेतली होती. लहान मुलं खेळत असलेल्या अंगणात रिव्हर्स घेताना कॅमेरा नसल्याची सवय करून घेणं मला भयंकर वाटतं.

पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात, ती नुकसानी बहुतेकदा वॉरंटीत बसत नाही. कोंबड्यांचं खाद्य किंवा धान्य ठेवलेल्या पडवीत गाडी लावू नका, एवढं सांगते आणि बॉनेट आठवड्यातून एकदा उघडायला सांगते.

डिलिव्हरीच्या दिवशी हे सगळं समजावायची पद्धत आहे आणि ती निरुपयोगी आहे. दसरा-पाडव्याला तर आवारात पाय ठेवायला जागा नसते. हार, नारळ, टायरखाली लिंबं, पेढे, आजीला पुढच्या सीटवर बसवून फोटो. त्या आनंदात फिल्टरच्या दिव्याचं कुणाला ऐकू येणार आहे? आणि त्या दिवशी येऊही नये. म्हणून मी मॅनेजरांच्या मागे लागून शनिवारची दुपार मोकळी करून घेतली आहे. गाडी घेऊन दोन आठवडे झालेल्यांना आम्ही फोन करून बोलावतो. तोवर त्यांनी गाडी घाटात नेलेली असते, फोन जोडलेला असतो, काहीतरी वाजायला लागलेलं असतं, त्यामुळे प्रश्न त्यांचे स्वतःचे असतात. येताना रोज शेजारी कोण बसतं त्यालाही घेऊन या, असं मी फोनवरच सांगते, आणि गाडी धुऊन आणू नका असंही सांगते, कारण धूळ कुठून आत आली ते धुतलेल्या गाडीत दिसत नाही.